टॅक्सी गेली, फियाट उरली

शेडचं दार उघडायला दोन माणसं लागली. आत अंधार, कडब्याचा वास आणि ताडपत्रीखाली एक उंचवटा. ताडपत्री ओढली तशी धूळ उडाली आणि मागच्या सीटवरून एक कोंबडी कलकलाट करत बाहेर पडली. सीटवर दोन अंडी होती. "घेऊन टाका हो ती," काकू म्हणाल्या, "रोजचीच आहेत."

वाईजवळ, मेणवलीच्या वाटेवर एका जुन्या घराच्या परसात ही गाडी पंचवीसएक वर्षं उभी होती. १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. राखाडी रंग, तीन अक्षरांची जुनी नंबरपाटी, चारही टायर बसलेले, पुढच्या दिव्यांपैकी एकाची काच गेलेली. काकूंचे यजमान शिक्षण खात्यात होते. त्यांनी ही गाडी सातारा, पाचगणी, पंढरपूर अशी चालवली. ते गेल्यावर ती शेडमध्ये गेली आणि तिथेच राहिली.

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला होता 'दुरुस्ती'. मोडक्या नात्यांवर आणि मोडक्या व्यवस्थेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तू एखादी ग्रीस लागलेली, खरीखुरी दुरुस्ती बघून ये, असं त्यांचं म्हणणं. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा कोल्हापूरहून फोन आला, "ताई, मी फियाट घेतोय." हा बँकेत नोकरीला. घरातला फ्यूज बदलायचा तर शेजाऱ्याला हाक मारणारा. म्हटलं, विषय आपण होऊन दारात आलाय.

रुमालातलं लोहचुंबक

भावाने सोबत कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले एक मिस्त्री आणले होते. साठीच्या पुढचे, अबोल. ते बॉनेट उघडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी पायाखालचं रबरी मॅट उचललं आणि ड्रायव्हरच्या जागेवरून खालची जमीन बघितली. खरोखरच जमीन. तळाच्या पत्र्याला बशीएवढं भोक होतं.

मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं, जुन्या स्पीकरमधलं. रुमालासकट ते गाडीच्या अंगावरून फिरवू लागले. टपावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं, डाव्या मडगार्डच्या खालच्या टोकाला आलं आणि घसरून त्यांच्या तळहातात पडलं. "हितं पत्रा न्हाई ताई. लांबी हाय. दोन बोटं." गंजून गेलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला की डोळ्याला काही कळत नाही. चुंबकाला कळतं. रुमाल एवढ्यासाठीच की रंगावर ओरखडा येऊ नये, आणि मालकाला राग येऊ नये.

ही तपासणी तासभर चालली. दारांखालची चौकट अंगठ्याने दाबून बघितली. डिकीतली स्टेपनीची खळगी, बॅटरीखालचा पत्रा, मागच्या चाकांवरच्या कमानी. पाणी जिथे साचतं तिथे ते आधी गेले. शेवटी बॉनेट उघडून पंखा हाताने फिरवायचा प्रयत्न केला. हलला नाही. "इंजिन जाम हाय," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

हे मला कळेना. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. जाम इंजिनाचं नाव काढलं की भाव उतरतो. आणि इंजिनाचं काय, ते कितीही बिघडू दे, उघडता येतं, बोअर करता येतं, नवीन पिस्टन बसवता येतात. पत्रा गेला की गाडी गेली. जुनी गाडी बघायला जाणारा नवखा माणूस इंजिन सुरू करून दाखवा म्हणतो आणि आवाजावर भाळतो. जाणता माणूस गुडघ्यावर बसतो.

फियाटच्या बाबतीत हे आणखी खरं. एकोणीसशे वीस-तीसच्या काळातल्या गाड्यांना खाली लोखंडी चेसिस असे, बॉडी वर ठेवलेली, कधी लाकडी चौकटीवर ठोकलेली. फियाट ११०० ला अशी वेगळी चेसिस नाही. तळ, दारांच्या चौकटी, टप हे सगळं एकमेकांना जोडून झालेला पत्र्याचा डबा, हाच तिचा सांगाडा. दाराखालची पोकळ चौकट गंजली तर तिचा कणाच गेला म्हणायचं.

सव्वादोन लाखांपासून बोलणं सुरू झालं आणि एक लाख साठ हजारांवर तुटलं. काकूंनी वर दोन अंडीही दिली.

कुर्ल्याचं बाळंतपण

भावाला खरं तर 'डुक्कर' हवी होती. १९५४ पासून कुर्ल्यात बनू लागलेली ती पहिली फियाट ११००. इटलीत तिला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे अकराशे. आपल्या लोकांनी तिचं गोलमटोल अंग बघून डुक्कर म्हटलं आणि गंमत म्हणजे मालकांनीही ते नाव मिरवलं. तिची पुढची दारं उलटी, बिजागऱ्या मधल्या खांबाला, त्यामुळे नऊवारीतल्या बाईला उतरताना जरा ऐसपैस होई. मिस्त्रींनी भावाला एका वाक्यात परावृत्त केलं, "डुक्कर घेतलीसा तर काच फुटायची भीती उशाला घेऊन झोपाय लागंल." डिलाइटचं तसं नव्हतं. त्याचं कारण समजून घ्यायला जरा मागे जायला हवं.

सोलापूरचे वालचंद हिराचंद हा माणूस साखर, जहाजं आणि विमानं अशा तिन्ही धंद्यांत हात घातलेला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या निघाल्या त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या. फियाटशी करार त्यानंतरचा. डुकराच्या पाठोपाठ १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची डिलाइट आली. इटलीत हे मॉडेल दोनेक वर्षं आधी आलं होतं आणि १९६६ मध्ये बंदही झालं. आपल्याकडे मात्र तिने मुक्काम ठोकला. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट झालं, मग १९७४ पासून पद्मिनी, चितोडच्या राणीवरून. जाळी बदलली, बंपर बदलले, आतली गादी बदलली. मूळ सांगाडा, दारं आणि १०८९ सीसीच्या इंजिनाचा गाभा जवळपास तोच राहिला, थेट शतक संपेपर्यंत.

याला कोणी आळस म्हणेल, आणि तो होताच. परदेशी गाड्यांना दार बंद, देशात मोटारी बनवणारे मोजून तीन आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं. नवीन मॉडेल काढायची तगमग कोणाला? आमच्या वडिलांनीही फियाटसाठी नाव नोंदवलं होतं. त्यांचा नंबर लागला तोवर पैसे आत्याच्या लग्नात खर्च झाले होते. नंबर लागल्याचं पत्र त्यांनी जपून ठेवलं आणि आयुष्यभर स्कूटर चालवली. भावाच्या वेडाचं मूळ तिथे असावं, पण तो ते कबूल करत नाही.

गिऱ्हाइकाला जाचलेली ही गोष्ट मिस्त्रींच्या पथ्यावर पडली. पस्तीसएक वर्षं एकच गाडी. म्हणजे १९६७ च्या डिलाइटला १९९८ च्या पद्मिनीचं दार बसतं. आणि पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. हजारोंनी धावणाऱ्या टॅक्सी, दिवसरात्र रस्त्यावर, रोज काहीतरी मोडणार, रोज काहीतरी लागणार. त्यामुळे सुटे भाग बनवणारे, विकणारे, बसवणारे सगळे पोसले गेले. वाईच्या घरातल्या हौशी फियाटला लागणारा ब्रेकचा कप मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या पोटापाण्यामुळे बाजारात होता.

कागद आधी

पण गाडी कोल्हापूरला नेण्याआधी कागद. आरसी पुस्तक काकूंच्या यजमानांच्या नावावर, मुदत कधीच उलटलेली, पानं उंदरांनी कातरलेली. आधी गाडी काकूंच्या नावावर व्हायला हवी, मग त्यांच्याकडून भावाच्या. मृत्यूचा दाखला, नाशिकच्या मुलीचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, फॉर्म ३१, मग फॉर्म २९ आणि ३०. वर्षानुवर्षं भाऊबंदकीत अडकलेल्या जमिनीसारखाच हा प्रकार. तरी इथे वारस दोघीच होत्या.

मिस्त्रींनी घाईघाईत एक गोष्ट करून घेतली. बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर रॉकेलच्या बोळ्याने पुसला, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल घासली. आकडे उमटले. मग इंजिनावरचे तसेच उमटवले आणि दोन्ही कागद पुस्तकातल्या नोंदीशी ताडून बघितले. जुळले. भावाला यात विशेष काही वाटलं नाही. मिस्त्री मात्र खूष. डिझेल परवडतं म्हणून किती जुन्या गाड्यांमध्ये नंतर दुसरीच इंजिनं बसवली गेली, आणि पुस्तकात त्याची नोंद नाही, अशा गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. अशी गाडी चालते झकास, पण कागदावर ती दुसरीच कोणीतरी असते.

आकडे जुळण्याला २०२१ पासून आणखी महत्त्व आलं आहे. त्या वर्षीच्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमांत 'विंटेज' वाहनांची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापरातली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या फेरनोंदणीला पाच हजार. नवी नोंदणी होणाऱ्या गाडीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

यात एक मेख आहे, आणि ती भावाच्या लक्षात उशिरा आली. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. भावाचं स्वप्न होतं रविवारी सकाळी फियाटमधून रंकाळा तलावावर जायचं. ते या यादीत नाही.

उद्यमनगरात

कोल्हापूरला हे जमतं याचं कारण शहराच्या हाडात आहे. ओतकाम करणारी फाउंड्री, लेथ, बोअरिंग, क्रँक घासणारं मशीन, सगळं सायकलच्या अंतरावर. उसाच्या गुऱ्हाळाचे चरक आणि शेतीची ऑइल इंजिनं दुरुस्त करत या गल्ल्या वाढल्या. 'पार्ट मिळत नाही' या वाक्यावर इथला माणूस 'नमुना आणा' म्हणतो.

इंजिन सोडवायला अकरा दिवस लागले. चारही प्लग काढून त्या भोकांत डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि दुसऱ्या कामाला लागले. रोज सकाळी बंपरमधून हँडल घालून मिस्त्री हलक्या हाताने दाब द्यायचे. जोर लावायचा नाही, जोर लावला तर रिंगा मोडतात. अकराव्या दिवशी मी तिथे होते. हँडलला दाब दिला तसा आतून खरखर असा आवाज आला, लोण्याच्या जुन्या डब्याचं झाकण निघावं तसा, आणि पंखा पाव फेरा फिरला. मिस्त्रींनी हँडल काढून ठेवलं आणि चहा मागवला. त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

उघडल्यावर सिलिंडरच्या वरच्या बाजूला त्यांनी माझं बोट नेलं. "नख लावा." नखाला एक बारीक पायरी लागली. पिस्टनच्या रिंगा जिथवर घासतात तिथवर लोखंड झिजतं, त्याच्या वर मूळचं राहतं. ती पायरी म्हणजे गाडीने केलेल्या प्रवासाचा हिशेब. मूळ बोअर ६८ मिलिमीटर. एकदा आधी वाढवलेला होता, आता आणखी वाढवायला जागा नव्हती. मग चारही सिलिंडरांत स्लीव्ह ठोकून परत मूळ मापावर आणले. फाउंड्रीच्या गावात याला दोन दिवस लागतात.

खरं काम पत्र्याचं. मी ज्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ बसले तो डेंटर तिशीतला मुलगा होता. दाराखालची गंजलेली चौकट कापण्याआधी त्याने दाराच्या मोकळ्या जागेत लोखंडी अँगल आडवे-तिरके वेल्ड केले. का, विचारलं. "चौकट कापली की गाडी मधनं बसती, ताई. मग नवीन चौकट कितीबी सरळ लावा, दार लागत न्हाई." ऑपरेशनआधी भूल देतात तसे हे अँगल. हे न करता कापलेल्या फियाटी त्याच्याकडे येतात. त्यांची दारं आपटून लावावी लागतात आणि टपाच्या कोपऱ्याला रंगात बारीक चीर दिसते.

तळाचा नवा पत्रा त्याने अठरा गेजच्या सीआर पत्र्यातून कापला. मूळ तळाला मजबुतीसाठी उठवलेल्या लांबट पन्हाळ्या असतात. त्या साच्याशिवाय कशा काढणार, हे बघायला मी थांबले. त्याने बाभळीच्या ओंडक्यात खाच कोरली, पत्रा वर ठेवला आणि बोथट छिन्नीने बोट-बोट सरकवत ठोकत गेला. पाच पन्हाळ्यांना अख्खा दिवस. मॅटखाली झाकलं जाणार हे काम. मी तसं म्हटल्यावर तो हसला, "पण खालनं दिसतंय की." खालून गाडी बघणारा माणूस म्हणजे दुसरा डेंटर. ही मंडळी एकमेकांसाठीही काम करतात.

बाकीचं झरझर झालं. ब्रेकचे सिलिंडर आतून गंजलेले होते, त्यांना पितळी बुश घातले. स्टिअरिंगच्या दांडीवरच्या गिअरचे झिजलेले बुश बदलले, नाहीतर दुसरा गिअर शोधताना रिव्हर्स सापडतो. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते सगळं नवीन. कुशनवाल्याने जुन्या सीटच्या स्प्रिंगा ठेवल्या आणि काथ्या बदलला. खर्चाचा आकडा भावाने माझ्यापासून लपवला नाही, भावजयीपासून लपवला. मी तो इथे लिहीत नाही, कारण ती हा अंक वाचते.

सीएसटी रोडवर

अडलं ते तीन गोष्टींवर. दिव्याभोवतीची क्रोमची कडी, पुढच्या काचेभोवतीचं रबर आणि डाव्या दाराची छोटी तिकोनी काच. यासाठी मी आणि भाऊ मुंबईला गेलो.

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. गिअरबॉक्सच्या उतरंडी, दारांच्या भिंती, फुटपाथवर ऑइलचे डाग. ज्या उपनगरात फियाटी जन्मल्या त्याच उपनगरात त्या कापल्या गेल्या, यात कोणाची योजना नव्हती, पण घडलं तसं. टॅक्सीची मुदत संपली की परमिट नव्या गाडीवर जायचं आणि जुनी गाडी या गल्ल्यांत यायची. इथे तिचे अवयव वेगळे व्हायचे. चांगलं ते विक्रीला, उरलेलं किलोवर.

भावाने फियाटचं नाव काढताच दुकानदाराने मान हलवली. "पद्मिनी का माल अब किधर से आएगा मॅडम? टॅक्सी थी तो माल था." आतून एक गोणी आणवली. तीत काही हँडलं, दोन कार्बोरेटर, एक मीटर. काच नाही. रबर नाही. क्रोमच्या कडीचं तो म्हणाला, नवीन बनते, पण पातळ, पहिल्या पावसात फोड येतात. जुनी घासून पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम असं चढवून घ्या.

तिथे उभं असताना मला या सगळ्या प्रकरणातली खरी तारीख कळली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, जुन्या आठवणी, सिनेमातली दृश्यं, वगैरे. सुट्या भागांच्या बाजारात तो दिवस वेगळ्या अर्थाने मोजला गेला. त्या दिवशी पुरवठ्याचा नळ बंद झाला.

आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, १९७४ ची पद्मिनी पन्नास वर्षांची होऊन कायद्याने विंटेज व्हायला पात्र झाली. म्हणजे सरकारच्या लेखी तिला मान मिळण्याची आणि बाजारात तिला वाली न उरण्याची वेळ लागोपाठ आली. ज्या टॅक्सीने तिला इतकी वर्षं सुट्या भागांवर जगवलं ती मात्र या मानाला कधीच पात्र नव्हती. एक तर ती धंद्याची गाडी, आणि दुसरं म्हणजे विसाव्या वर्षी तिची रवानगी ठरलेली.

रबर आणि गॅसकेटसारख्या गोष्टी अजून बनतात, दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारातून येतात. इंजिनाचं जवळपास सगळं कोल्हापुरात घडवता येतं. काचेचं तसं नाही. वाकवलेली काच करायला साचा लागतो, भट्टी लागते, आणि एका काचेसाठी कोणी भट्टी पेटवत नाही. मिस्त्रींनी डुकराविषयी जे सांगितलं होतं ते आता डिलाइटलाही लागू होऊ लागलंय. तिकोनी काच शेवटी मिळाली ती मिरजेच्या एका गॅरेजमागे, वेल चढलेल्या पद्मिनीतून, पेढ्यांच्या एका पुड्याच्या बदल्यात.

राखाडीखाली काळा

परतल्यावर रंगाचं काम सुरू झालं होतं. रंगारी वॉटर पेपरने जुना रंग उतरवत होता. राखाडीखाली फिकट निळा निघाला, त्याखाली लाल प्रायमर, मग पत्रा. तो निळा मूळचा. टपावर निळा, बॉनेटवर निळा, तीन दारांवर निळा. मागच्या डाव्या दारावर राखाडीखाली काळा.

रंगाऱ्याने मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्रींनी दाराच्या आतल्या कडेला, बिजागरीपाशी ब्लेडने खरवडलं. तिथेही काळाच. "टॅक्सीचं दार हाय," ते म्हणाले.

मी काकूंना फोन लावला. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. पसरणीच्या घाटात ऊस भरलेल्या ट्रॅक्टरने घासलं होतं. ह्यांनी मुंबईच्या भाच्याकरवी दार मागवलं, ते एसटीच्या टपावरून वाईला आलं. शाळेतली पोरं बघायला जमली होती. पाचएकशे रुपये पडले असतील. त्यानंतर अख्खी गाडी राखाडी केली, दार वेगळं दिसू नये म्हणून.

भावाला आधी जरा वाईटच वाटलं. गाडी 'ओरिजिनल' हवी हे त्याने मनाशी पक्कं केलेलं, आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांत या शब्दाला फार वजन आहे. माझं मत विचाराल तर १९६७ च्या गाडीला तिच्याच कुर्ल्याच्या बहिणीचं दार लागलंय, यापेक्षा अस्सल काय असायचं. रंग मात्र भावाने मूळचा निळा निवडला. रंगारी पीयू रंगाचा आग्रह धरत होता, चकाकी टिकते म्हणून. मिस्त्री ड्युकोवर अडून बसले. ड्युकोचे थर वाढवावे लागतात, दर थराला घासावं लागतं, शेवटी कंपाउंडने हात दुखेपर्यंत पॉलिश, पण त्याची झळाळी दुधाच्या सायीसारखी मऊ दिसते आणि त्या काळच्या गाडीला तीच शोभते. मिस्त्री जिंकले. दाराच्या आतल्या कडेचा चार बोटं काळा तुकडा रंगाऱ्याने तसाच ठेवला. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

रंकाळ्याला एक फेरी

गाडी दसऱ्याच्या आधी रस्त्यावर आली. पहिल्या फेरीला मी मागे बसले, त्याच डाव्या दाराशी. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, त्यामुळे पुढे तिघं आरामात. वळणावर गाडी अंगभर कलते आणि मग सावरते. ब्रेक दाबल्यावर थांबायचा विचार करते आणि मग थांबते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आधी अंतर ठेवायला शिका, असं मिस्त्रींनी भावाला तीनदा सांगितलं. रस्त्यावरचा दर दुसरा माणूस वळून बघत होता. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, "देणार का?"

पेट्रोलची नवी डोकेदुखी आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी नळ्या ते सोसायला बनलेल्या नाहीत. त्या फुगतात, मऊ पडतात. गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी धरते. मिस्त्रींचा उपाय सोपा. नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घाला आणि गाडी आठवड्याला एकदा तरी पळवा. उभी गाडी मरते.

याच वाक्याने भावाचा कागदाचा प्रश्नही सुटला. विंटेजच्या नोंदणीत मान होता, रॅलीत भाग घेण्याची शान होती, पण आठवड्याची फेरी नव्हती. त्याने सरळ साधी फेरनोंदणी घ्यायचं ठरवलं, पाच वर्षांची, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण करासकट. जुन्या मोटारींच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. तीही त्याने भरली. तपासणीला गेलेल्या दिवशी अधिकाऱ्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चेसिस नंबर ताडला आणि मग स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून घेतला.

मिस्त्रींच्या शेडमध्ये सध्या दोन पद्मिनी उभ्या आहेत. एकीला पुढची काच नाही, म्हणून काम थांबलंय.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गोठ्यात, परसात, जिन्याखाली फियाट उभी असेल आणि भंगारवाला दारात आलेला असेल, तर एवढं करा. गाडी ठेवायची नसेल तर नका ठेवू, पण किलोवर घालण्याआधी काचा, दिव्याच्या कड्या आणि दारं उतरवून घ्या आणि गावातल्या जुन्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवा. गाडी अख्खी कोणाला देणार असाल तर आरसी पुस्तक शोधा, उंदरांनी खाल्लेलं असलं तरी. आणि पुढची काच काढताना दोन माणसं लावा, कोपऱ्यातून ओढू नका, आधी आतून रबर कापा.